साडूच्या आधी चावलेला धोंडा

उजव्या बाजूची खालची दाढ मी सासुरवाडीला मोडली, आणि ती मोडली त्या क्षणी मला फार आनंद झाला होता. तो का झाला हे कळायचं तर आधी माझ्या साडूची ओळख करून द्यायला हवी.

माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचा हा नवरा. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याचं आडतीचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही. वयानं तो माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे. पण अक्का थोरली, म्हणून उदगीरच्या सासुरवाडीत थोरला जावई तो आणि धाकटा मी. गेली सत्तावीस वर्षं पहिला पाट त्याचा. पहिली टॉवेल-टोपी त्याला, पहिली पोळी त्याच्या ताटात. आंघोळीचं पहिलं कढत पाणीसुद्धा त्याला, आणि तो बाहेर येईपर्यंत उरतं ते कोमट मला.

मी त्याच्यावर जळतो. हे वाक्य कागदावर पहिल्यांदाच आलं, आणि आल्यावर मला जरा मोकळं वाटलं. त्याच्या काळ्याभोर केसांवर जळतो, त्याच्या दुपारच्या झोपेवर जळतो. एसटीत चढला की त्याला खिडकी मिळते त्यावर जळतो. लोकांना दात असतात तर चणे नसतात आणि चणे असतात तर दात नसतात. या गृहस्थाला बत्तीसच्या बत्तीस दात आहेत, दुकानात चण्याची पोती आहेत, आणि वर त्याची मुलगी दातांची डॉक्टर आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेच्या निकालाच्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन तो स्वतः नांदेडला आला होता. डबा मोठा होता. आमचा मुलगा त्याच परीक्षेला बसून वेगळ्या वाटेनं गेला होता आणि त्यात तो सुखी होता. पेढा तोंडात टाकून मुलगाच म्हणाला, "काय छान आहेत." माझ्या घशात तो पेढा दोन दिवस होता.

मग माझ्याजवळ काय होतं? माझ्याजवळ तोंड होतं. मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, पण नातेवाइकांत मला मान आहे तो माइकमुळे. साखरपुडा असो, सत्कार असो, माझ्या हातात माइक आला की लोक जेवायला उठत नाहीत आणि आचारी चिडतात. साडूला मात्र चार माणसांपुढं बोलता येत नाही. मुलीच्या सत्कारात कुणीतरी त्याच्यापुढं माइक धरला, तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि माइक परत दिला. ती माझ्या आयुष्यातली एक सुंदर संध्याकाळ होती. त्याच्याकडं बाकी सगळं असू दे, बोलणं माझं होतं.

आता धोंड्याकडं येतो. अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि आमच्याकडं त्या महिन्यात जावयांना धोंडे जेवायला बोलावतात. पुरण भरून तळलेले ते गोल गोळे, वर तुपाची धार. माझ्या सासूबाईंनी त्यात घरची एक रीत घातलेली आहे. तेहेतीस धोंड्यांपैकी एकात त्या हरभऱ्याएवढा चांदीचा मणी दडवतात. दोघे जावई शेजारी बसून जेवतात, ज्याच्या दाताखाली मणी येईल त्याला पुढची तीन वर्षं बरकत. बरकतीचं मला काही नाही. पण आधीच्या अधिक महिन्यात, कोरोनाच्या वर्षी, मी खोकल्यापायी नांदेडला एका खोलीत कोंडून पडलो होतो आणि हा एकटाच उदगीरला जाऊन एकटाच जेवून मणी घेऊन आला होता. समोर कुणी नसताना. आणि त्यानंतर तीन वर्षं, सोयाबीनला भाव आला तरी सासूबाई म्हणायच्या, "मणी लाभला बगा थोरल्या जावयाला."

म्हणून या वेळी मी ठरवून गेलो होतो. सकाळी चहासुद्धा अर्धाच घेतला. पाटावर बसलो, सासूबाईंनी ताटं वाढली आणि मी सुरुवात केली. साडू एक धोंडा चार घासांत खात होता, मधूनच पाणी पीत होता, सोलापूरच्या पाहुण्यांची चौकशी करत होता. मी एक धोंडा दोन चाव्यांत संपवत होतो. दाबून, करकचून, सगळा जोर उजवीकडं देऊन. माझा हिशेब सोपा होता, जास्त धोंडे तर जास्त शक्यता.

"जावईबापू, हळू की," सासूबाई म्हणाल्या. "कुठं पळून चाललेत का धोंडे?"

नवव्या धोंड्याला कट् असा आवाज झाला. तो बाहेर कुणाला ऐकू गेला नसेल, माझ्या डोक्यात मात्र फरशी फुटल्यासारखा झाला. जिभेनं चाचपलं तर तोंडात दोन कठीण वस्तू होत्या. एक गोल होती. दुसरी टोकदार होती आणि ती माझी होती.

मी गोल वस्तू दोन बोटांत धरून वर केली. अक्कानं टाळ्या वाजवल्या, बायकोनं तर चक्क डोळे पुसले, साडू मान लववून म्हणाला, "अभिनंदन सर. लई चांगलं झालं." टोकदार वस्तू मी पुरणाबरोबर गिळली.

मग सासूबाईंनी विजेत्याला फ्रिजमधलं श्रीखंड वाढलं. पहिल्याच चमच्याला ती कळ कानातून निघून टाळूपर्यंत गेली आणि माझ्या दोन्ही डोळ्यांना धार लागली.

"किती जीव लागलाय बघा मण्याला," सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि मी रडत रडत मान हलवली.

साडूची मुलगी वाढायला होती. ती समोर येऊन थांबली. "काका, दाताला लागलं का?"

"नाही गं."

"बघू बरं, आ करा."

"जेवताना आ कसला," मी म्हणालो. "नांदेडला माझा एक ठरलेला डॉक्टर आहे. परवाच दाखवलंय."

असा कुठलाही डॉक्टर नव्हता.

आता कुणालाही वाटेल, नांदेडला डॉक्टर लेनमध्ये दर दहा पावलांवर एक दाताची पाटी आहे, त्यातल्या कुठल्याही जिन्यानं वर जायचं होतं. तसं जाता येत नव्हतं आणि त्याचं कारण नात्यात होतं. नांदेडात कुणाकडं गेलो असतो तर बायकोला कळलं असतं, तिच्याकडून अक्काला, आणि मग "घरची पोर डॉक्टर असून मेले परक्यापुढं तोंड उघडतात" हा रुसवा पुढच्या तीन लग्नांना पुरला असता. आणि घरच्या पोरीकडं गेलो असतो तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, कशानं मोडली? ते साडूच्या कानावर गेलं असतं. मणी जिंकायला मी दाढ घातली हे त्याला कळण्यापेक्षा दाढ तशीच राहिलेली बरी, असं मी ठरवलं. तिकडं जाता येत नाही, इकडं जाता येत नाही, म्हणून मी कुठंच गेलो नाही. माझ्या वयाच्या शिकलेल्या माणसानं हे केलं.

पहिले पंधरा दिवस मोडलेल्या दाढेची धार जिभेला कापायची. वर्गात "श" आणि "ष" म्हणताना तर खास. एका दुपारी बायको देवळात गेलेली पाहून मी आरशापुढं उभा राहिलो आणि तिची नखं घासायची पट्टी घेऊन ती धार घासली. धार गेली. तिच्याबरोबर दाढेचं वरचं कवचही थोडं गेलं असावं, कारण त्या दिवसापासून नुसती वाऱ्याची झुळूक आत गेली तरी शिवशिवायला लागलं. मग लवंग दाबली. लवंगेचं तेल लावलं, त्यानं हिरडी भाजली. मेडिकलवाल्याकडून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणल्या. गौरी-गणपतीच्या दिवसांत ती दाढ छातीच्या ठोक्याबरोबर ठणकायची, मी एका बाजूनं जेवायचो, आणि बायकोनं विचारलं की म्हणायचो, "उपवासाची सवय करून राहिलोय."

आणि दसऱ्याच्या आधी एक दिवस ठणका थांबला. सकाळी उठलो तर काही नाही. गार पाणी पिऊन पाहिलं, काही नाही. आइस्क्रीम आणून पाहिलं, काही नाही. मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये मी अर्धा तास बोललो. शरीर स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं, डॉक्टर लोकांनी उगाच बाजार मांडलाय, धीर धरला की सगळं बरं होतं, असं बरंच काही. माझ्यासमोर बसलेल्या जीवशास्त्राच्या बाई वही तपासत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सर, दुखायचं बंद झालं म्हणजे बरं झालं असं नसतं. दुखणारं मेलंही असू शकतं." मला वाटलं, बाईंना माझं बोलणं सहन होत नाही.

पौषात साडू लोह्याकडं कुठल्या कामाला जाऊन पुढं नांदेडला आला. येताना उसाची मोळी घेऊन आला. आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसला आणि कोयता न मागता दातांनी ऊस सोलायला लागला. सर् सर् साल निघत होती. पेर मोडायची, चावायचं, चोथा टाकायचा, पुन्हा पेर. चोपन्नाव्या वर्षी. आमचे शेजारी कुंपणाशी येऊन बघत उभे राहिले, आणि मला ते कौतुक बघवेना.

"घ्या की सर," त्यानं एक कांडं माझ्यापुढं धरलं.

"आत्ताच जेवलोय."

"न्हाई हो, तुम्ही तर भाकर दुधात कुस्करून खाऊन राहिले होते. मी बघितलं की." तो हसला नाही, हे आणखी वाईट. "दातबित काही दुखतंय का? पोरीला दाखवून घ्या. तिला लई आनंद होईल."

"माझे दात उत्तम आहेत," मी म्हणालो. आणि ते दाखवायला मी कांडं घेतलं आणि डावीकडून चावलं. डावीकडच्या दाढांना तेव्हापर्यंत पाच महिने दुप्पट काम पडत होतं. त्यांनीही कुरकुर केली. रस हनुवटीवरून शर्टवर आला, आणि साडूनं खिशातला पांढरा स्वच्छ रुमाल काढून दिला. त्या रुमालालासुद्धा इस्त्री होती.

संक्रांतीच्या सुमाराला त्या दाढेच्या मुळाशी हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी आली. मधूनच फुटायची, तोंडाला खारट, घाण चव यायची आणि दोन दिवसांनी ती पुन्हा भरायची. दुखत नव्हती. जे दुखत नाही ते नाही, हा माझा सिद्धांत तेव्हा ऐन जोरात होता. पुळी फुटली की मी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायचो आणि कामाला लागायचो. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडाला वास येतोय." मी बडीशेप खिशात ठेवायला लागलो.

चैत्रात अक्काचा फोन आला. लेक लातूरला स्वतःचा नवा दवाखाना थाटत होती, अक्षय्य तृतीयेला उद्घाटन होतं. आणि साडूनं फोन घेऊन नमस्कार घातला, "सर, शरणार्थ. मला बोलता येत न्हाई हे तुम्हाला ठाऊकच हाय. मोंढ्यातले सगळे येणार. कार्यक्रम तुम्हीच चालवा आणि पोरीबद्दल दोन शब्द तुम्हीच बोला."

मला दुसरं काय हवं होतं. दवाखाना त्याच्या मुलीचा, मांडव त्याचा, पाहुणे त्याचे, आणि आवाज माझा. लातूरचा अख्खा मोंढा जाताना म्हणेल, नांदेडचे सर काय बोलले. मी पंधरा दिवस भाषण घोटलं. त्यात दातांवर अकरा विनोद होते.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी उजवा गाल जड झाला. दुसऱ्या दिवशी जबड्याखाली लिंबाएवढी सूज आली. घरात कधीतरी उरलेल्या जंतुनाशक गोळ्यांची अर्धी पट्टी होती, त्यातल्या तीन खाल्ल्या. बायकोनं कढत विटेचा शेक दिला. शेकल्यावर बरं वाटलं आणि तासाभरात सूज दुप्पट झाली. अंगात कणकण होती. तिनं आता मात्र हट्ट धरला. "लातूरला जाऊ नका. इथंच कुणाला तरी दाखवा."

"मी नाही गेलो तर कोण बोलणार?" मी म्हणालो.

"न बोलता होतंय की उद्घाटन."

मला तिची ती कल्पना भयंकर वाटली.

आम्ही सकाळच्या गाडीनं लातूरला गेलो. मी उपरणं हनुवटीवरून असं घेतलं होतं की पाहणाऱ्याला तो डौल वाटावा. गाडीत माझ्या ध्यानात आलं की थुंकी गिळताना घसा दुखतोय. लोहा गाव ओलांडेपर्यंत ध्यानात आलं की तोंड नीट उघडत नाही. वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये एक बोट जेमतेम जात होतं. मी खिडकीकडं तोंड करून भाषणाचं पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसासारखं ते निघालं. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. दाढेसाठी घाबरलो नाही, बोलणं गेलं तर माझ्याकडं काय उरतं, या विचारानं घाबरलो.

मांडव भरला होता. फेटे, भस्म, उन्हाळ्याचे पंखे, पन्ह्याचे पेले. साडूनं मला हाताला धरून व्यासपीठावर नेलं, माइक दिला. समोर शे-दीडशे माणसं शांत झाली. मी तोंड उघडायला गेलो आणि ते उघडेना. "म..." असा काहीतरी आवाज माइकमधून गेला. उपरणं सरकलं. पहिल्या रांगेतला एक आडत्या शेजाऱ्याला म्हणाला, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं, "दवाखान्याची जाहिरात म्हणून आणलाय का ह्यांना?"

लोक हसले. मी आयुष्यभर लोकांना हसवत आलो, पण ते हसणं मी मागितलेलं नव्हतं.

साडूची मुलगी खालून धावतच वर आली. नव्या साडीवर, सगळ्यांसमोर, तिनं माझी हनुवटी धरली, जबड्याखाली दोन बोटं दाबली आणि विचारलं, "काका, गिळता येतंय? जीभ वर उचला. श्वास घ्यायला जड जातंय का?" मी हातानं थोडं-थोडं असं दाखवलं. तिचा चेहरा बदलला. ती मागं वळून वडिलांना हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, गाडी काढायला सांगा. सूज जिभेखाली चढून राहिली. आत्ताच न्यायला लागतंय." आणि मग मला, "काका, हे घरी बसून बरं होणारं नाही. अजून सूज चढली तर श्वासाची वाट बंद होते."

"पण तुझं उद्घाटन," असं मला म्हणायचं होतं. ते निघालंच नाही.

आणि जाता जाता, गाडीत बसवताना, मांडवातून मला साडूचा आवाज आला. माझ्या हातातून पडलेला माइक त्यानं उचलला होता. तो म्हणाला, "माझी पोर कुणाच्या तरी दाताला आराम पडावा म्हणून शिकली. आता ती त्याच कामाला चालली हाय. फीत ती आल्यावर कापू. तुम्ही जेवून घ्या." एवढंच. मांडवात टाळ्या अशा वाजल्या की गाडीचं दार लावलं तरी ऐकू येत होत्या. जीव जायची पाळी आलेली असताना मी मनात म्हटलं, चारच वाक्यं, आणि एकही विनोद नाही.

चार दिवस इस्पितळात होतो. रक्तातली साखर तपासली तर तीही वाढलेली निघाली. मला मधुमेह आहे हे मला तिथं कळलं, आणि तोंडात असा पू साठून राहिला की साखर आवरत नाही, साखर वाढली की पू आवरत नाही, हे त्या डॉक्टरांनी सांगितलं. जबड्याखाली छेद देऊन पू काढला, सलाईनमधून औषधं दिली, आणि तोंड उघडण्याइतकं झाल्यावर दाढ काढली. ती वाचवायसारखी राहिलीच नव्हती. साडूच्या मुलीनं मला ती वाटीत दाखवली. मुळं काळी पडली होती, आणि एका बाजूचं हाड वितळल्यासारखं झालं होतं असं ती म्हणाली.

"कधी मोडली होती, काका?"

साडू खाटेशेजारच्या स्टुलावर बसला होता. चारही दिवस तो तिथं होता, दुकान मुनिमावर टाकून. मला डाळीचं पाणी चमच्यानं पाजत होता आणि एकदाही सांडलं नव्हतं. त्याच्यासमोर कशानं ते मी काय सांगणार. "झाले आठ-नऊ महिने," मी म्हणालो.

"पहिल्या आठवड्यात आला असता तर वरचं टोपण बसवून दाढ तशीच राहिली असती. दोन महिन्यांत आला असता तरी मुळं साफ करून वाचवली असती मी. दुखायचं थांबलं ना मध्येच? तेव्हा आतली नस मेली. मेल्यावर दुखत नाही, नुसतं सडत जातं." ती रागावली नव्हती. नुसतं सांगत होती. "आता तिथं काही बसवायचं तर शेजारच्या दोन चांगल्या दाढा घासाव्या लागतील, नाहीतर हाड भरायची वाट बघावी लागेल."

चांगल्या कामाची अशी पोर दुसऱ्याच्या घरात जन्मते, यावर मी तेव्हाही जळलो. पण तिचा हात माझ्या हनुवटीवर होता आणि तो हलका होता.

पंधरवड्यानं टाका बघायला पुन्हा लातूरला गेलो आणि जेवायच्या आधी साडूच्या दुकानात बसलो. तिथं त्याच्या गादीवर चार आडते जमले होते. आणि काय बघतो, साडू माझी गोष्ट सांगत होता. हा माणूस, जो माइकवर "बरं" म्हणून थांबायचा, तो गादीवर मांडी घालून रंगून बोलत होता आणि चौघे तोंडं उघडी टाकून ऐकत होते. "सर लई धीराचे. नऊ महिने दाढ मोडलेली, पण हू की चू न्हाई. कॉलेज केलं, कार्यं केली, कुणाला त्रास दिला न्हाई. आणि पोरीच्या कार्यक्रमाला, एवढी सूज घेऊन, एसटीनं आले. माणसानं सोसावं तर असं."

माझ्यासारखाच सांगत होता. कुठं थांबायचं तेसुद्धा कळत होतं त्याला. माझं शेवटचं वतन होतं ते, तेही गेलं.

चौघांतला एक जाडसर गृहस्थ, डाळीचा व्यापारी, गालावर हात ठेवून ऐकत होता. तो म्हणाला, "बगा. माझीपण दाढ पाडव्याच्या आधी मोडलीय. वरची. बायको मागं लागलीय दवाखान्याला. पण सरांनी नऊ महिने काढले म्हणल्यावर मला काय व्हायलंय. हे तर वरचंच हाय. सोसू की."

"सोसा, सोसा," दुसरा म्हणाला. "सोसल्यानं बरं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. सत्तावीस वर्षांत साडूच्या दुकानात मला असा आदर मिळाला नव्हता. गप्प बसलो असतो तर तो आदर तसाच राहिला असता, चहा आला असता आणि डाळवाले घरी जाऊन सोसत बसले असते. त्यांच्या गालाकडं मी पाहिलं. किंचित फुगलेला होता. मला वाटीतली ती काळी मुळं दिसली.

"सोसलं नाही मी," मी म्हणालो. बोलताना टाका ओढत होता. "मी लपवलं. धोंडे जेवताना ह्यांच्या आधी मणी मिळावा म्हणून करकचून चावलो आणि दाढ मोडली. ह्यांना कळू नये म्हणून ह्यांच्या पोरीकडं गेलो नाही, आणि अक्का रुसेल म्हणून दुसऱ्याकडं गेलो नाही. दुखायचं थांबलं तेव्हा मला वाटलं मी जिंकलो. दाढ मेली होती. नंतर पू झाला, साखर वाढली, मांडवात श्वास कोंडायची वेळ आली. ह्यात धीराचं काही नाही. मी ह्यांच्यावर जळत होतो, एवढंच."

डाळवाल्यांनी गालावरचा हात काढला.

साडूनं पुढ्यातली हिशेबाची वही मिटली. "ते मला ठाऊक होतं की," तो म्हणाला. "तुमच्या लग्नापासून." मग डाळवाल्यांना म्हणाला, "चला, उठा. पोर पाच वाजेपर्यंत असती."

तो त्यांना घेऊन निघाला आणि मी मागोमाग गेलो, कारण गोष्ट मी सांगितली होती आणि शेवट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही असं मला वाटत होतं. दवाखान्यात डाळवाल्यांना खुर्चीत आडवं केलं. मुलीनं आरसा घालून पाहिलं. "आत कीड गेलीय पण नस जिवंत आहे. वेळेत आलात." ते गृहस्थ तोंड उघडं असतानाच माझ्याकडं बघून हात जोडायला लागले. तेवढ्यात साडूनं त्यांचा चष्मा पुसून हातात दिला, आणि ते हात त्याच्याकडं वळले.

महिन्याभरानं डाळवाल्यांच्या दाढेवर टोपण बसलं. ते ऊस खायला लागले असं अक्का फोनवर सांगत होती. आनंदानं त्यांनी दोन किलो पेढे वाटले. एक किलो डॉक्टरीणबाईला, एक किलो साडूला, वेळेवर नेल्याबद्दल. मला साधा फोनसुद्धा नाही.